सायप्रस : ‘तात्पुरत्या’ कायद्याखाली भरडलेला देश

जून २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान सायप्रसला जाऊन आले. तेथील सरकारने त्यांना आर्चबिशप मकारिओस यांच्या नावाचा सन्मान दिला. राष्ट्राध्यक्ष निकोस ख्रिस्तोदुलिदिस यांनी त्यांना राजधानी निकोसियाच्या जुन्या भागात नेऊन शहर दुभागणारी युद्धबंदी रेषा दाखवली. त्याआधी महिनाभर भारत-पाक संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली होती. त्यामुळे आपल्या प्रस्थापित प्रसारमाध्यमांना एकच मथळा सुचला : तुर्कस्तानला चपराक! त्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे जी माणसे पन्नास वर्षांहून अधिक काळ जगत आहेत, त्यांचे काय, हा प्रश्न कोणत्याही वाहिनीने विचारला नाही.

चळवळीच्या वाचकांनी मात्र तो विचारला पाहिजे. लष्कराने दुभागलेल्या देशात जन्माचा दाखला कोण देतो? घर कोणाच्या नावावर राहते? पोलीस कोणाचा हुकूम मानतो? मतदार यादीत नाव कोणाचे येते आणि कोणाचे गळते? संविधान हेच ज्यांचे एकमेव शस्त्र आहे, त्यांनी संविधान कोसळल्यावर काय होते, हे जगाच्या अनुभवातून शिकून घेतले पाहिजे.

प्रथम थोडा इतिहास. सायप्रस हे भूमध्य समुद्रातील छोटे बेट १६ ऑगस्ट १९६० रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाले. त्यावेळी बेटाची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास होती. त्यात ग्रीक भाषिक ख्रिस्ती सुमारे ७७ टक्के, तर तुर्की भाषिक मुस्लिम सुमारे १८ टक्के. बाकी मॅरोनाइट, आर्मेनियन, लॅटिन असे लहान समूह. त्यांची राज्यघटना बेटावरच्या संविधान सभेने लिहिली नाही. तिचा पाया १९५९ साली झुरिच आणि लंडन येथे ब्रिटन, ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील करारांनी घातला गेला. तिच्यावर जनतेचे मत घेतले गेले नाही. शिवाय या तीन देशांना बेटाचे ‘हमीदार’ नेमण्यात आले आणि ब्रिटनने आपले दोन लष्करी तळ स्वतःच्या मालकीचे म्हणून राखून ठेवले. ते आजही आहेत. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले, पण किल्ल्या परक्यांच्या खिशात राहिल्या.

या घटनेत राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्क, सरकारी नोकऱ्यांत ७० : ३०, सैन्यात ६० : ४० अशी वाटणी होती. उपराष्ट्राध्यक्षाला परराष्ट्र व संरक्षण विषयांत नकाराधिकार होता. मॅरोनाइट, आर्मेनियन व लॅटिन यांना तर ग्रीक किंवा तुर्क यांपैकी एका समाजात सामील व्हा, असे सांगण्यात आले. तिसरा पर्यायच नव्हता. ते ग्रीक समाजात गेले. या देशात नुसता ‘सायप्रसचा नागरिक’ म्हणून उभे राहण्याची सोय नव्हती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काही पंडित सायप्रसचे उदाहरण देऊन ‘पाहा, राखीव जागांनी देश फोडला’ असे म्हणतील. ही दिशाभूल आहे. दुर्बलांना समान नागरिक करण्यासाठी दिलेले संरक्षण वेगळे आणि दोन समाजांच्या पुढाऱ्यांत, परक्या देशांच्या हमीवर, सत्तेची केलेली फाळणी वेगळी. पहिल्यात अंतिम धनी नागरिक असतो. दुसऱ्यात धनी असतात पुढारी, आणि त्यांच्या मागे उभे असलेले परदेशी सैन्य. सायप्रस मोडला तो अल्पसंख्याकांना संरक्षण दिले म्हणून नव्हे. बहुसंख्याकांना ते संरक्षण कधीच मनापासून मान्य नव्हते आणि अल्पसंख्याकांच्या पुढाऱ्यांचा भरवसा आपल्या शेजाऱ्यावर नव्हे, तर अंकारावर होता, म्हणून तो मोडला.

३० नोव्हेंबर १९६३ रोजी मकारिओस यांनी घटनेत १३ दुरुस्त्या सुचवल्या. तुर्कांचे नकाराधिकार काढून घेणे हा त्यातला मुख्य भाग. डिसेंबरमध्ये रक्तपात सुरू झाला. ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने एक रेघ ओढली. तीच ही ‘ग्रीन लाइन’. सुमारे पंचवीस हजार तुर्क आपली गावे सोडून दाट, कोंदट वस्त्यांत जाऊन राहिले. त्या वस्त्यांत सिमेंटपासून अनेक वस्तू नेण्यावर सरकारने बंदी घातली. हे सारे १९७४ च्या दहा वर्षे आधीचे आहे. आज ग्रीक बाजूची कहाणी १९७४ पासून सुरू होते आणि तुर्क बाजूची १९६३ पासून. प्रत्येक बाजूला फक्त स्वतःची जखम आठवते.

मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती भारताचे जनरल ग्यानी होते. त्यांच्यानंतर आलेले जनरल थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये कामावर असतानाच सायप्रसमध्ये मरण पावले. १९७४ च्या युद्धाच्या वेळीही सेनापती होते ते भारतीयच, प्रेमचंद. शांतिसेनेने तेव्हा निकोसियाचा विमानतळ स्वतःच्या ताब्यात घेतला. तो विमानतळ आज दोन्ही सैन्यांमधल्या पट्ट्यात ओसाड पडून आहे.

तुर्क मंत्री, आमदार, न्यायाधीश यंत्रणेतून बाहेर पडले. काही स्वतःहून गेले, काहींना परतणे अशक्य करण्यात आले. आता कायदे कोणी करायचे? घटनेनुसार तुर्क सदस्यांशिवाय आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय अनेक कायदे होऊच शकत नव्हते. १९६४ मध्ये उरलेल्या सभागृहाने न्यायालयांची रचनाच बदलणारा कायदा केला. मुस्तफा इब्राहिम व इतरांच्या खटल्यात त्याला आव्हान मिळाले. न्यायालयाने निर्णय दिला की राज्य वाचवण्यासाठी ‘आवश्यकता’ असेल, दुसरा उपाय नसेल, उपाय प्रमाणात असेल आणि तो तात्पुरता असेल, तर घटनेत नसलेली गोष्टही वैध ठरते. हाच तो ‘आवश्यकतेचा सिद्धांत’. शेजारी पाकिस्तानात न्यायमूर्ती मुनीर यांनी १९५५ मध्ये याच सिद्धांताचा आधार घेतला होता आणि पुढे लष्करशहांनी त्याचे काय केले, ते आपण पाहिले आहे. सायप्रसच्या न्यायालयाने निदान अटी तरी घातल्या. परंतु ‘तात्पुरता’ ही अट घालून साठ वर्षे झाली आणि सायप्रस प्रजासत्ताक आजही त्याच सिद्धांतावर चालते. तुर्कांच्या राखीव जागा संसदेत आजही रिकाम्या आहेत.

मग १९७४ आले. १५ जुलै रोजी ग्रीसमधील लष्करी राजवटीने मकारिओस यांच्याविरुद्ध उठाव घडवून आणला. पाच दिवसांनी, २० जुलै रोजी, ‘हमीदार’ या नात्याने तुर्कस्तानने सैन्य उतरवले. उठाव काही दिवसांतच फसला, अथेन्समधील राजवटही कोसळली. म्हणजे हस्तक्षेपाचे सांगितलेले कारण संपले होते. तरी ऑगस्टच्या मध्यात तुर्कस्तानने दुसरी चढाई केली आणि बेटाचा सुमारे ३६ टक्के भाग ताब्यात घेतला. दीड लाखाहून जास्त ग्रीक दक्षिणेला पळाले. चाळीस हजारांहून अधिक तुर्क पुढच्या काही महिन्यांत उत्तरेला गेले. दोन्ही बाजूंचे मिळून २००२ लोक बेपत्ता झाल्याची अधिकृत नोंद आहे : १५१० ग्रीक आणि ४९२ तुर्क. मधला पट्टा १८० किलोमीटर लांबीचा. काही ठिकाणी तो सात किलोमीटरहून रुंद आहे, तर निकोसियाच्या गल्लीत अवघा काही मीटर.

आता उत्तरेकडचा कारभार पाहू. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी तेथे ‘उत्तर सायप्रस तुर्की प्रजासत्ताक’ जाहीर झाले. सुरक्षा परिषदेने ५४१ क्रमांकाच्या ठरावाने ते अवैध ठरवले. तुर्कस्तानखेरीज एकाही देशाने त्याला मान्यता दिलेली नाही. तेथे निवडणुका होतात, न्यायालये आहेत, वर्तमानपत्रे सरकारवर टीका करतात. पण त्यांच्या १९८५ च्या घटनेत एक ‘तात्पुरते कलम १०’ आहे. संरक्षणासाठी गरज असेल तोपर्यंत पोलीस दल सैन्याच्या हाताखाली राहील, असा त्याचा आशय आहे. आणि त्या सैन्याचा प्रमुख तुर्कस्तानातून येणारा अधिकारी असतो. म्हणजे मतदाराने निवडलेल्या मंत्र्याच्या हाती पोलिसच नाही. चार दशके झाली, कलम अजून ‘तात्पुरते’च आहे. मतपेटी आहे, पण दंडुका दुसऱ्याच्या हातात आहे!

सामान्य माणसाचे रोजचे जगणेही याच चौकटीतले. चलन तुर्की लिरा, त्यामुळे अंकारात भाव पडला की निकोसियातल्या शिक्षकाचा पगार वितळतो. टपाल तुर्कस्तानातील मेर्सिन बंदराच्या पत्त्यावरून येते. विमान तुर्कस्तानात थांबल्याशिवाय जगात कोठेही जात नाही. आणि तुर्कस्तानातून आणून वसवलेल्या लोकांची संख्या इतकी वाढली की बेटावरच्या मूळ तुर्कांनाच आपण आपल्या घरी अल्पसंख्य होतो की काय, ही भीती वाटू लागली. २०२५ मध्ये शाळेत मुलींच्या हिजाबाला मुभा देणारा नियम आला तेव्हा शिक्षकांच्या संघटना हजारोंनी रस्त्यावर उतरल्या. त्यांची तक्रार कापडाच्या तुकड्यापुरती नव्हती. आमच्या शाळांचे नियम अंकारा ठरवणार काय, हा त्यांचा सवाल होता.

घरांचे काय झाले? उत्तरेत ग्रीकांनी सोडलेल्या मालमत्ता राज्यघटनेच्या कलम १५९ नुसार सरकारजमा झाल्या. दक्षिणेत घर सोडून आलेल्या तुर्काला तिकडच्या मालमत्तेच्या किमतीनुसार गुण देण्यात आले आणि त्या गुणांवर इकडे ग्रीकाचे घर मिळाले. म्हणजे एका निर्वासिताला दुसऱ्या निर्वासिताच्या चुलीवर बसवले. दक्षिणेतही १९९१ च्या कायद्याने तुर्कांच्या मालमत्तांचा पालक गृहमंत्री झाला. त्यातील अनेक घरांत ग्रीक निर्वासित राहतात. ‘पालक’ हा शब्द मोठा मायाळू आहे. परंतु वकिली करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की सरकार एकदा एखाद्या मालमत्तेचे पालक झाले की मूळ मालकाच्या नातवापर्यंत फाईल चालू राहते.

सर्वांत वाईट अवस्था झाली ती चुकीच्या बाजूला मागे राहिलेल्यांची. १९७४ नंतर उत्तरेत सुमारे वीस हजार ग्रीक राहिले होते, मुख्यतः करपास द्वीपकल्पात. आज ते काहीशे उरले आहेत. त्यांना कोणी गोळ्या घालून संपवले नाही. त्यांची माध्यमिक शाळा बंद ठेवली, पाठ्यपुस्तके कापून दिली, फिरण्यावर बंधने घातली. मूल शिकायला दक्षिणेत गेले आणि ठरावीक वय ओलांडले की त्याला घरी कायमचे परतता येत नसे. कोणत्या आईबापाने मुलाला अडाणी ठेवावे? माणसे निघून गेली. शिक्षण बंद करून समाज नाहीसा करण्याची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. तिकडे मॅरोनाइट लोकांची चार गावे उत्तरेत अडकली. त्यांतील दोन लष्करी हद्दीत गेली. अरबीवरून आलेली त्यांची स्वतःची बोली आता मोजक्याच तोंडी उरली आहे. दोन मोठ्यांच्या भांडणात तिसऱ्या लहानाला कोणी विचारत नाही.

दक्षिणेतील प्रजासत्ताक हे जगाने मान्य केलेले, २००४ पासून युरोपीय संघाचे सदस्य. त्याची नोंदवही स्वच्छ आहे काय? निकोसियाच्या दक्षिण भागात राहणाऱ्या इब्राहिम अझिज या तुर्क नागरिकाने मतदार यादीत नाव मागितले. त्याला नकार मिळाला. कारण घटनेनुसार तुर्कांची यादी वेगळी आणि ती यादी १९६३ पासून अस्तित्वातच नाही! म्हणजे नागरिकत्व आहे, कर आहे, मत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २२ जून २००४ रोजी हा भेदभाव ठरवला, तेव्हा पुढे कायदा बदलला. आजही बेटावरील तुर्क आणि तुर्कस्तानचा नागरिक यांच्या विवाहातून झालेली अनेक मुले सायप्रसच्या नागरिकत्वाशिवाय आहेत. सैन्य कोणी आणले, याचा हिशोब मुलाकडून घेणे हा कोणता न्याय?

आता न्यायालयांनी काय साधले ते पाहू. कायरेनियाच्या तितिना लोइझिदू यांनी आपल्या जमिनीसाठी थेट तुर्कस्तानवर दावा केला. १८ डिसेंबर १९९६ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की उत्तरेवर प्रत्यक्ष ताबा तुर्कस्तानचा आहे, सबब जबाबदारीही त्याचीच. नुकसानभरपाई द्यायला तुर्कस्तानने २००३ चा डिसेंबर उजाडवला. २००१ च्या निकालात करपासच्या शाळा, पुस्तके आणि बेपत्तांचा तपास या सर्वांबाबत तुर्कस्तान दोषी ठरला, आणि २००४ मध्ये तेथे माध्यमिक शाळा पुन्हा उघडली. २०१४ मध्ये ९ कोटी युरोची भरपाई ठरली. दशक उलटले तरी वसुली नाही. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने मालमत्तेच्या प्रकरणांत आधी उत्तरेतील मालमत्ता आयोगाकडे जा, असे सांगितले आणि इतक्या वर्षांनंतर जुन्या मालकाइतकाच आज तेथे राहणाऱ्याचाही विचार करावा लागतो, हेही नमूद केले. काळ हा कब्जेदाराचा वकील असतो, तो असा.

परंतु एक तत्त्व लक्षात ठेवण्याजोगे आहे. नामिबियाबाबत १९७१ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की राजवट बेकायदेशीर असली तरी तिच्या नोंदवहीतले जन्म, मृत्यू, विवाह रद्दबातल धरून सामान्य माणसाचे नुकसान करू नये. सायप्रसच्या खटल्यांतही हाच विचार वापरला गेला. सरकारला मान्यता नसते, माणसाला ती असतेच.

बाबासाहेबांच्या वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न येईल. पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अल्पसंख्याकांच्या प्रश्नावरील उपाय म्हणून ग्रीस, तुर्कस्तान व बल्गेरिया यांच्यातील लोकसंख्येच्या अदलाबदलीकडे बोट दाखवले होते. मग सायप्रसमध्ये तेच झाले ना? नाही. बाबासाहेबांचा मुद्दा माणसाच्या जिवाच्या सुरक्षिततेचा होता. ठरवून, कराराने, मालमत्तेची व्यवस्था लावून होणाऱ्या स्थलांतराबद्दल ते बोलत होते. सायप्रसमध्ये माणसे आधी तोफांनी हलवली, करार मागून झाला आणि घराचा हिशोब अजून बाकी आहे. शिवाय तीन-चार पिढ्या वेगळे ठेवूनही सुरक्षितता आली नाही. दोन्ही बाजूंच्या तरुणांना आजही सक्तीची लष्करी सेवा करावी लागते.

तरीही त्या बेटावर काही गोष्टी एकत्र चालल्या. त्यांत पहिली म्हणजे गटार! निकोसिया हे एकच शहर, त्याचा उतार उत्तरेकडे. सांडपाण्याला रेषा कळत नाही. १९७८ च्या सुमारास ग्रीक महापौर लेल्लोस दिमित्रियादिस आणि तुर्क महापौर मुस्तफा अकिंजी यांनी एकमेकांच्या सरकारला मान्यता न देता, पण एकमेकांच्या माणसांना मान्यता देऊन हे काम मार्गी लावले. दोन्ही भागांचा मैला उत्तरेतील एकाच केंद्रात शुद्ध होतो. जुलै २०११ मध्ये स्फोटाने दक्षिणेचे मोठे वीजकेंद्र उद्ध्वस्त झाले तेव्हा वीज उत्तरेकडून आली. बेपत्तांची समितीही दोन्ही समाजांची संयुक्त आहे. तिने २००६ पासून हाडे उकरून एक हजाराहून अधिक जणांची ओळख पटवली आणि ती घरी पोहोचवली. ज्यांनी झेंड्याचा प्रश्न बाजूला ठेवून माणसाची गरज पुढे ठेवली, त्यांनीच काही करून दाखवले.

राजकारण मात्र अडकून पडले. २४ एप्रिल २००४ च्या सार्वमतात अनान योजनेला तुर्कांनी सुमारे ६५ टक्के होकार दिला, तर ग्रीकांनी सुमारे ७६ टक्के नकार. आठवडाभरात दक्षिण युरोपीय संघात गेली, होकार देणारे बाहेर राहिले. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बोलणी फसली. २०२० मध्ये उत्तरेत दोन राष्ट्रांची भाषा करणारे एर्सिन तातार निवडून आले. परंतु १९ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील मतदारांनी त्यांना हरवून संघराज्याच्या बाजूचे तुफान एर्हुरमान यांना ६२ टक्क्यांहून अधिक मतांनी निवडले. तुर्कस्तानच्या छायेत राहूनही बेटावरच्या तुर्कांनी सांगितले की आम्हाला एकत्र नांदायचे आहे. आपल्या पंतप्रधानांना रेषा दाखवली गेली, हे मत मात्र आपल्या माध्यमांनी दाखवले नाही.

यातून आपण काय घ्यायचे? एक, परकीय सैन्याचा कब्जा बेकायदेशीर आहे आणि तो संपला पाहिजे, यात शंका नाही. मात्र कब्जा झालेल्या बाजूनेही त्याच्या नावाखाली स्वतःच्या अल्पसंख्याकाचे मत पन्नास वर्षे गोठवून ठेवता कामा नये. दोन, ज्याला कोणी ‘तात्पुरते’ म्हणतो, त्याची मुदत त्याच दिवशी लिहून घेतली पाहिजे. दक्षिणेचा आवश्यकतेचा सिद्धांत आणि उत्तरेचे कलम १० ही एकाच दुखण्याची दोन नावे आहेत. अपवाद म्हणून आलेला कायदा पाहुणा म्हणून येतो आणि घरमालक होऊन बसतो. आपल्याकडेही ‘विशेष परिस्थिती’, ‘अशांत क्षेत्र’, ‘देशाची सुरक्षा’ या शब्दांनी आलेले कायदे किती वर्षे मुक्काम ठोकून आहेत, हे ज्याने त्याने मोजावे.

सायप्रसवर फौजा १९७४ मध्ये चालून आल्या. पण शेजाऱ्याचे नाव यादीतून गळले तरी चालेल, असे ज्या दिवशी बहुसंख्याकांना वाटू लागले, त्याच दिवशी, म्हणजे त्याच्या दहा वर्षे आधी, त्या देशाची फाळणी सुरू झाली होती. म्हणून मतदार यादी, शाळा आणि पोलिसावरचे लोकांचे नियंत्रण या तीन गोष्टींची राखण शांततेच्या काळातच केली पाहिजे. रेघ ओढणारा जनरल फार उशिरा येतो. तोवर आपणच ती मनात ओढलेली असते.